पुलाचा उतार

गेल्या मे महिन्यात निपाणीत एका लग्नाच्या पंगतीत माझ्या भाच्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. भाचा रॉटरडॅमला नोकरीला आहे, चार दिवसांच्या सुट्टीवर आला होता. फोटोत एक पूल: फिकट निळसर-पांढरा, एकच उंच कललेला खांब, त्यातून वीणेच्या तारांसारख्या निघालेल्या केबली, खाली संथ पाणी. "मामा, ह्याला तिथं हंस म्हणतात," तो म्हणाला. मोबाईल पंगतभर फिरला आणि मठ्ठा वाढेपर्यंत वाद पेटला. एकाचे म्हणणे, असला एक तरी पूल आपल्या भागात का होऊ नये, आपल्या नशिबी कायम चार खांब आणि वर स्लॅबच का? दुसऱ्याने त्याला तिथेच अडवले: "आधी मलिकवाडचा पूल पाण्याच्या वर आणा, मग हंसाचं बघू." पंगत हसली. मग तिसरा, जो आमच्याकडे प्रत्येक वादात असतोच, म्हणाला की पैसा कुठल्या सरकारने द्यायचा ते आधी ठरवा.

विषय हसण्यावारी गेला. पण हाच वाद कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे, आणि तो दर वेळी त्याच तीन खुंट्यांना बांधलेला असतो: देखणा की स्वस्त, शहरात की खेड्यात, कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा. माझे मत असे की या तिन्ही खुंट्या भलत्या जागी रोवल्या आहेत. पूल म्हटले की आपण नदीच्या मधोमध बघतो. त्याचे खरे काम मात्र दोन टोकांना असते. मराठीत नदीच्या संदर्भात 'उतार' हा शब्द फार जुना. पूल नव्हते तेव्हा नदी जिथे पायी ओलांडता येई ती जागा म्हणजे उतार. पूर ओसरू लागला की आपण पाण्याला उतार पडला म्हणतो. आणि पूल संपून रस्ता जमिनीला टेकतो, तोही उतारच. पुलावर बोलायचे तर या उतारावर बोलावे. पलीकडे उतरल्यावर तिथे काय आहे? पायी माणसाला तिथवर जाता येते का? आणि पुराचे पाणी त्या टोकापाशी कुठून वाट काढणार? याची उत्तरे ज्याच्याकडे नाहीत त्याने पुलाचा आकार आणि कोनशिला या दोन्ही गोष्टींवर तूर्त गप्प बसावे.

फोटोतल्या पुलाचेच घेऊ. एरास्मस पूल ४ सप्टेंबर १९९६ ला उघडला. लांबी सुमारे ८०० मीटर, खांब १३९ मीटर उंच, रचनाकार बेन व्हान बेर्कल. खालून न्यूवे मास नदी वाहते. उत्तर काठावर मुख्य शहर, जे मे १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात बेचिराख होऊन पुन्हा उभे राहिले. दक्षिण काठावर कोप फान झाउड, म्हणजे गोद्या, गुदामे आणि त्यांच्यामागे कामगारांच्या वस्त्या. जहाजे मोठी झाली, बंदर पश्चिमेला समुद्राकडे सरकत गेले आणि या गोद्या ओस पडल्या. उत्तरेच्या माणसाला पलीकडे जायचे कारणच उरले नाही. नदी ओलांडायची सोय नव्हती असे नाही. विलेम्स पूल होता, १९४२ पासून नदीखालून बोगदाही होता. पण रस्ता असणे आणि जायला कारण असणे यांत फरक आहे, आणि तो आमच्या इतका कुणाला कळणार? बेळगावहून कोल्हापूरला रस्ता आहेच की!

महापालिकेपुढे याहून स्वस्त पुलाचे पर्याय होते. तिने महागडा निवडला. पंगतीतला पहिला पक्ष हे ऐकून टाळी देईल, पण त्याने पुढचेही ऐकावे. पुलाबरोबर त्या शहराने पलीकडच्या काठावर न्यायालय नेले. १९९७ मध्ये तिथे मेट्रोचे नवे स्टेशन उघडले, २००१ मध्ये मोठे नाट्यगृह. पुलावर मोटारींच्या जोडीला ट्रामचे रूळ घातले, सायकलची आणि पायी चालायची वेगळी वाट ठेवली. मोठे जहाज आले तर पुलाचा दक्षिणेकडचा तुकडा उचलला जातो, म्हणजे नदीवर आधीपासून ज्यांचे पोट होते त्यांचीही वाट ठेवली. हंस बघायला लोक एकदा गेले असतील. रोज गेले ते कोर्टाच्या तारखेला, नोकरीला, नाटकाला. खांब सरळ असता आणि केबली नसत्या तरी तारखेला जाणारा गेलाच असता. उलट पलीकडे काही नसते तर हंस नुसता फोटोपुरता उरला असता.

तो पूल निर्दोष होता असेही नाही. उघडल्यावर थोड्याच दिवसांत पावसा-वाऱ्यात त्याच्या केबली थरथरू लागल्या आणि त्यांना धक्के शोषणारी यंत्रणा बसवावी लागली. लंडनचा मिलेनियम पूल तर २००० च्या जूनमध्ये उघडला, लोकांच्या चालण्याने डोलू लागला, दोन दिवसांत बंद झाला आणि २००२ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला. आपल्याकडे असे घडले की परदेशात असे होत नाही म्हणून सुस्कारा टाकणाऱ्यांसाठी ही नोंद. आणखी एक बोच आहे. त्या दक्षिण काठावर उंच इमारती आल्या, जागांना भाव आला, पण लगतच्या जुन्या वस्त्यांतली गरिबी पुलाने पळाली नाही. पूल कारण आणतो, ते कुणाच्या दारात आणतो हे वेगळे ठरवावे लागते.

आता स्वस्त-महागचा मुद्दा. दुसऱ्या पक्षाचे हे म्हणणे मला मान्य आहे की एका दिखाऊ पुलाच्या पैशात गावाकडचे कितीतरी साधे पूल होतील. ज्या भागात जुलै उजाडला की पाण्याखाली गेलेल्या पुलांची यादी पेपरात छापून येते, तिथे रोषणाईचा पूल मागणे जरा निलाजरेपणाचेच. कल्लोळ–येडूर, मलिकवाड–दत्तवाड, कारदगा–भोज, भोजवाडी–कुन्नूर, जत्राट–भिवशी, अक्कोळ–सिदनाळ. ही यादी आमच्याकडच्या शाळकरी पोरांना पाढ्यांसारखी पाठ असते, कारण यादी लांबली की सुट्टी. पण या युक्तिवादात एक खोट आहे. शहराच्या सुशोभीकरणाचा पैसा आणि नदीकाठच्या पुलाचा पैसा एका डब्यात नसतो. बेळगाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले. त्या योजनेतला दिवा बसवला नाही म्हणून मलिकवाडच्या खांबाला सिमेंट मिळणार नव्हते. बेळगाव शहराला तशी नदीही नाही. त्याची नदी म्हणजे रेल्वेलाईन, आणि टिळकवाडीतली पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट हे त्या नदीचे उतार. तिथेही पुलाबद्दलचे सगळे भांडण गाडी किती वेळात पलीकडे जाते यावर. गेटखालून वाकून जाणारी भाजीवाली त्या हिशोबात कुठेच नाही. तेव्हा 'शहर की खेडे' हा झगडा लावून दोन्हीकडच्या पायी माणसाला आपण सारखेच विसरतो.

यादीतल्या पुलांना मुळात पूल म्हणावे का, हाही प्रश्नच आहे. त्यातले कित्येक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. खांबांच्या खाचांत पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचे, उन्हाळाभर दोन्ही काठच्या पंपांनी ते उसाला पाजायचे आणि मिरगाच्या आधी बर्गे काढून नदीला वाट मोकळी करायची. वर स्लॅब टाकली म्हणून माणसे ये-जा करू लागली. तो बंधारा पुरात बुडतो ही त्याची चूक नव्हे, बुडण्यासाठीच तो तेवढा ठेंगणा बांधलेला असतो. कठडा नसतो तोही याच कारणाने, कठड्याला वाहून आलेली झाडेझुडपे अडकतात. माझी आत्या दत्तवाडला दिली आहे. आमचे शेत या काठाला, तिचे घर त्या काठाला, मध्ये दूधगंगा. दर जूनमध्ये तिचा फोन येतो आणि हालहवालाच्या आधी पहिला प्रश्न असतो, "बर्गं काढली काय रं?" म्हणजे आता किती दिवस येता-जाता येईल त्याचा अंदाज ती बांधत असते. पुढे कुठल्या तरी पहाटे स्लॅबवर पाणी येते, पोलीस आडवे बॅरिकेड लावतात आणि पाच मिनिटांची वाट तासाभराच्या वळशाची होते. आत्याच्या पिढीने हे हवामानासारखे मान्य केले. तिच्या नातीला मात्र रोज कॉलेजला जायचे असते.

मग उंच पूल बांधा की, यात अडचण ती काय? इथे विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो, आणि तो मांडणारे बहुतेक शेतकरी असल्यामुळे शहरी माणूस त्याला अडाणीपणा समजतो. ते म्हणतात, उंच पूल आला की त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचा भराव येतो, भरावाने पाणी तुंबते, आणि पूर्वी गुडघाभर येणारा पूर आता गळ्याशी येतो. हे शंभर टक्के खरे आहे. नदी पुरात आपल्या पात्रापुरती वाहत नाही, दोन्हीकडच्या मळ्यांतूनही वाहते. तुम्ही पात्रापुरते खांब घालून बाकी मळ्यात मातीची भिंत उभी केली तर ते पाणी मागे फुगणारच. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पुणे–बेंगळुरू महामार्ग यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्याने बंद पडला, तेव्हा रस्त्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला पाण्याचा फरक लोकांनी डोळ्यांनी पाहिला. महामार्ग रुंद होताना निपाणी भागातून मातीच्या भरावाऐवजी खांबांवरच्या पुलाची मागणी झाली ती या अनुभवातून. पुराचे खापर अलमट्टीवर फोडून घरी जायची आपल्याला सवय आहे. पण २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानेच नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचे कारण अलमट्टी मानले नाही. लांबच्या धरणाशी भांडणे सोपे असते, आपल्याच शिवारातल्या भरावाशी भांडताना जमीन विकलेला भाऊबंद समोर येतो.

मुद्दा खरा मानूनही त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. भरावाने फुगवटा येतो, म्हणून उंच पूल नको? हे म्हणजे चूल धुरते म्हणून जेवणच नको म्हणण्यासारखे झाले. धुरते तर धुराडे करा. भराव हा पुलाचा भाग नसतो, तो पुलाची केलेली काटकसर असतो. खांबांवर जितकी लांबी न्यायची तितका खर्च वाढतो, म्हणून मंजुरीच्या कागदावर पूल आखूड होतो आणि उरलेली वाट मातीने भरून काढली जाते. अशा रीतीने आपण अर्धा पूल आणि अर्धा बांध बांधतो आणि सगळ्याला मिळून पूल म्हणतो. स्वस्त पूल मागणाऱ्या दुसऱ्या पक्षाला मी इथे गाठतो. स्वस्ताईचा हट्ट धरला की जो पहिला जातो तो उतार. हंसाच्या खांबाचा खर्च वाचवलात तर वाचवा, मळ्यातल्या खांबांचा वाचवू नका. ज्या नदीचा पूर मैलभर पसरतो तिचा पूल मैलभर असायला हवा, आणि तो नजरेला कंटाळवाणा असला तरी माझी तक्रार नाही.

उतार राहून गेला की काय होते याचे उदाहरण लांब शोधायला नको. कोल्हापुरात पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकातला. त्याला पर्यायी पूल बांधायला घेतला. बहुतेक काम झाले आणि शहराच्या बाजूला तो अडकला, कारण तिथे ब्रह्मपुरीची संरक्षित टेकडी आणि पुरातत्त्व कायद्याने तिच्याभोवती घातलेली बांधकामबंदी. नदी ओलांडून झाली होती, जमिनीवर उतरायची परवानगी नव्हती! वर्षे गेली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि तेरा माणसे गेली. पर्यायी पूल वाहतुकीला खुला झाला तो २०१९ मध्ये. त्या सगळ्या काळात चर्चा काय होती? वारसा मोठा की विकास, पुरातत्त्व खाते आडमुठे की लोक. पूल आखताना त्याचे टोक कुठे टेकणार हे नकाशावर आधीच दिसत होते, त्यावर बोलायची वेळ तेव्हा होती.

राहिली तिसरी खुंटी. सीमाभागात पुलाच्या उद्घाटनात 'दोन राज्यांची मने जोडणारा सेतू' हे वाक्य पुष्पगुच्छासारखे ठरलेले असते. ते ऐकले की माझ्यासारख्या मराठी माणसाच्या कपाळावर आठी पडते आणि ती उगीच नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हा प्रश्न भिजत पडला आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि सातबारा असो की बसचा बोर्ड, आपल्या भाषेतला कागद मिळवताना काय होते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पुलाचे पेढे खाऊन हे विसरा असे कुणी सुचवत असेल तर पेढा परत करावा. नुसत्या सिमेंटने मने जुळत नाहीत हेही खरे. कोसोव्होत मित्रोवित्सा नावाचे गाव आहे. नाव असे की आपल्याला मैत्रीच आठवावी. इबार नदीच्या उत्तरेला सर्ब, दक्षिणेला अल्बेनियन. १९९९ च्या युद्धानंतर फ्रेंचांच्या मदतीने मधला पूल नवा, दिव्यांच्या कमानींचा झाला. त्यावर पहारा मात्र सैनिकांचा राहिला, २०११ मध्ये एका बाजूने राडारोड्याचा ढीग टाकून तो अडवला, आणि पुढे कित्येक वर्षे गाड्यांना तो बंद होता. इतका देखणा पूल, आणि दोन्हीकडचे लोक त्याच्याकडे पाठ करून राहिले.

पण याच उदाहरणाचा आधार घेऊन 'आधी प्रश्न सुटू द्या, मग पूल' म्हणणारेही आमच्यात आहेत, आणि त्यांच्याशी माझे अजिबात जमत नाही. बुडा आणि पेश्ट ही डॅन्यूबच्या दोन काठांवरची दोन वेगळी गावे होती. मध्ये नावांचा पूल असे, तोही हिवाळ्यात काढून ठेवावा लागे. आमच्या बर्ग्यांसारखाच ऋतूचा व्यवहार. सांगतात, की १८२० मध्ये वडील वारल्याची बातमी आल्यावर इस्तवान सेचेन्यी या उमरावाला नदीतल्या बर्फामुळे आठवडाभर काठावर अडकून पडावे लागले, आणि तिथून त्याने कायमच्या पुलाचा ध्यास घेतला. साखळीपूल १८४९ मध्ये झाला. त्याचा टोल सर्वांना सारखा, तोवर करमुक्त असलेल्या उमरावांनाही, आणि त्यावर त्या काळी मोठी आदळआपट झाली. दोन्ही गावे मिळून बुडापेस्ट झाले ते १८७३ मध्ये. म्हणजे पूल आधी, करार मागाहून, मध्ये चोवीस वर्षे. आमचेही असेच होईल असे मी म्हणत नाही, कुठले शहर कुणात विलीन होणार याचा इथे संबंध नाही. एवढेच दिसते की पूल वापरायला निकालाची वाट बघावी लागत नाही. आजारी माणसाला मिरजेला नेताना, इचलकरंजीला कामाला जाताना, शिरोळच्या कारखान्याला ऊस घालताना आमच्या माणसाने कधी सीमावादावरचा महाजन अहवाल उघडून पाहिलेला नाही. ये-जा तुटली तर दावा बळकट होतो हे गणित कुणी मांडले मला माहीत नाही, पण ज्याची आत्या दत्तवाडला दिली आहे अशा कुणी ते मांडलेले नसणार.

शिवाय आपण ज्या आधुनिक पुलांचे फोटो एकमेकांना दाखवतो त्यांतले किती आपल्याला वापरू देतील? मुंबईचा वांद्रे–वरळी सागरी सेतू २००९ मध्ये झाला. त्यावर पायी माणसाला बंदी, दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. अटल सेतूवरही दुचाकी नाही. तिथे त्याला कारणे असतील. पण आमच्याकडे पूल म्हणजे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल, शाळा सुटलेल्या पोरी आणि कधी एखादी म्हैस. ट्रॅक्टर मधोमध आला की बाकीच्यांनी अंग चोरून कुठे उभे राहायचे, हे ज्या आराखड्यात दिसत नाही तो आराखडा दुसऱ्याच गावचा आहे. पुलाला फूटपाथ ही आपल्याकडे चैन समजली जाते. रॉटरडॅमला ट्रामशेजारून लोक चालत जातात त्याचे कौतुक करणारेच इथे त्या दोन मीटरांचा खर्च वाचवा म्हणतात!

आणि एक मागणी माझी स्वतःची. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, सांगली आणि सांगलीवाडी जोडणारा. तो आमच्यापासून बराच वर आहे, आमच्यातले कित्येक त्यावरून कधी गेलेही नसतील. तरी पावसाळ्यात चिकोडी तालुक्यातला म्हातारासुद्धा विचारतो, आयर्विनला पाणी किती फूट? चाळीस म्हटले की इशारा, पंचेचाळीस म्हटले की धोका, आणि त्यावरून इथे कधी गुरे हलवायची ते ठरते. म्हणजे तो पूल सांगलीकरांना पलीकडे नेतो आणि आम्हांला सावध करतो. त्यासाठी त्याला काय लागते? एका खांबावर रंगवलेली पट्टी आणि ती वाचून सांगणारा माणूस. आयर्विनची पातळी फुटात, अलमट्टीची मीटरमध्ये, राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग क्युसेकमध्ये, आणि हे तीन आकडे जुळवत बसलेला शेतकरी नदीकाठी. दूधगंगेवर, वेदगंगेवर पुढे जो पूल उंच होईल, हंस होवो की बगळा, त्याच्या खांबावर दोन्ही काठांकडून दिसेल अशी पट्टी हवी, फुटात आणि मीटरमध्ये, आकडे कन्नडात आणि मराठीत. रंगाचे दोन डबे लागतील. मग जूनमध्ये आत्याचा फोन आला तर बर्ग्यांचे नव्हे, पट्टीचे सांगता येईल.